आवाज बाहेर येऊन राह्यला का?

धानाची रोवणी करताना वहिनीचं सोन्याचं डोरलं हट्टा गावातल्या आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पडलं, तेव्हा धातू शोधायचं यंत्र घेऊन एक माणूस आला होता. त्याचा हेडफोन नेमका तुटला, म्हणून मी त्याला बालाघाटला दुकानात नेलं.

भारीतला भारी हेडफोन मी त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो घातला, गाणं जोरात लावलं आणि डोकं माझ्या कानाजवळ आणून विचारलं, "भाऊ, आवाज बाहेर येऊन राह्यला का?"

"हौ."

हेडफोन बाजूला. मग दुसरा, मग तिसरा. दुकानदार वैतागला. मीही वैतागलो. "तुमाले आयकू आलं म्हंजे झालं ना? माह्या कानाचं का काम?"

"खिळा असला तरी यंत्र वाजते, पत्रा असला तरी वाजते," तो म्हणाला. "दर आवाजाले बाईचा जीव वरखाली होते, भाऊ. तिले तो तरास काहून द्याचा?"

शेवटी आवाज बाहेर न येणारा एक हेडफोन घेऊन आम्ही परतलो. दुपारभर तो चिखलात यंत्र फिरवत होता. कितीदा वाकला, चिखल चाचपला, पुन्हा चालू लागला. चेहऱ्यावर काही नाही. वहिनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, शांत बसून होती. दर वेळची निराशा तो एकटाच गिळत होता, आणि मी थक्क होऊन बघत होतो.

मग एकदा त्याच्या बोटांखाली पिवळं चमकलं. त्यानं ते उचललं नाही. वहिनीला हातानं जवळ बोलावलं, आपला हेडफोन काढून तिच्या पदरावरूनच तिच्या कानांना लावला, आणि यंत्र पुन्हा एकदा डोरल्यावरून फिरवलं.