दोऱ्यावर धरलेली फ्रेम

आणीबाणी उठून एखादं वर्ष झालं असेल. दादा, म्हणजे माझे वडील, आईला मागे बसवून येत होते आणि आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळ नळासाठी खणलेल्या चरात मोटारसायकलचं पुढचं चाक गेलं. दादांना नुसतं खरचटलं. आईचं मनगट मोडलं.

दादा कारखान्यात फिटर होते. लिलावात घेतलेली ती जुनी इंग्रजी गाडी आमच्या सगळ्या वस्तीत एकट्या त्यांच्याकडेच होती. ती दुसऱ्या दिवशी भर दुपारी हातगाडीवरून घरी आली. मागून दादा मान खाली घालून चालत होते. मी नळावर होते. कुणीतरी ओरडलं, "काय फिटर, किती घेतली होती?" सगळे हसले. दादा हातगाडीमागे तसेच चालत राहिले. ज्या माणसाने कधी थेंबाला हात लावला नव्हता, तो गप्प राहिला, म्हणून मलाही ते खरं वाटलं. मी हंडा अर्धाच भरला आणि दुसऱ्या गल्लीने घरी आले.

त्यांनी रजा टाकली. परसात इंजिन, चाकं उतरवली आणि फ्रेम दोन स्टुलांवर उलटी ठेवली. हँडलच्या खालचा पाइप वाकला होता, सांध्याला तडा गेला होता. तडा कुठवर आहे ते बघायला त्यांनी वर रॉकेल लावलं, पुसलं आणि खडूची पूड चोळली. आत राहिलेलं रॉकेल पुडीवर काळ्या रेघेसारखं उमटलं.

"बघ गं, कुठवर गेलीय रेघ?"

मला वाटलं, मला शिकवतायत. मी तुटकपणे सांगितलं, "दोन बोटं." आठवडाभर मी त्यांच्याशी एवढंच बोलत होते. डी.एड.च्या मैत्रिणी आईला भेटायला येतो म्हणाल्या, त्यांनाही मी येऊ दिलं नाही.

दादा बाहेर जातच नव्हते. बुद्धपौर्णिमेला विहारातसुद्धा आले नाहीत. जांभळाच्या बुंध्याला फ्रेम बांधून, पाइप तापवून, ट्रकचा जॅक लावून त्यांनी तो हळूहळू रेटला. त्यांचा एक मित्र गॅसची टाकी घेऊन आला आणि त्याने तडा पितळेने सांधून दिला. मग चाकं बसवली. आता दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, ते बघायचं होतं. मी मागून दोरा ताणून धरला, दादा पुढे उकिडवे बसले.

"झाली. अगदी सरळ."

दोरा पुढच्या चाकापासून चांगला बोटभर लांब होता. मी दादांकडे पाहिलं. त्यांची नजर जिथे होती तिथे दोराच नव्हता.

"हो, दादा," मी म्हणाले.

आई ओट्यावर बसून एका हाताने तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही झाली. तुम्हाला दोरा दिसत नाहीये."

दादांनी चाकाशी बोटांनी दोरा चाचपला. मग आईला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दिवाळीत. मागे बसून खड्डा आला, म्हैस आली, असं मी उगाच सांगत होते का? त्या दिवशी ट्रकच्या भोंग्यात माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचला नाही." जणू चूक तिचीच होती, अशा आवाजात ती बोलत होती.

मला राहवलं नाही. "लोक म्हणतात, तुम्ही प्यायला होतात."

"म्हणू दे. प्यायला म्हणून कामावरून काढत नाहीत गं. आंधळ्या फिटरला कोण ठेवील?" त्यांनी ग्रीसने माखलेले हात तोंडावर धरले. मी दोरा सोडायचा विसरून तशीच उभी राहिले. त्या काळ्या बोटांकडे बघवेना, आणि आईकडेही बघवेना.

मग आम्ही पुन्हा फ्रेम बांधली. या वेळी मी सांगत गेले, "अजून थोडी. डावीकडे. बस." गाडी सरळ झाली.

कारखान्यात दादांनी स्वतःच जाऊन सांगितलं. मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, भिंगासारखा जाड चष्मा आला, तरी मशीनवर त्यांना परत घेतलं नाही, स्टोअरच्या खिडकीत बसवलं. पहिल्या दिवशी घरी आले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. दिवा मालवल्यावर आईला हळूच म्हणाले, "ज्यांना मी काम शिकवलं, ते पाना मागायला येतात आणि दुसरीकडे बघतात."

आईने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. तिचं प्लास्टर तोवर निघालं होतं, आणि ती अंधारात त्यांच्यासाठी पुन्हा ताट वाढत होती.