भंगलेल्या लक्ष्मीचं घड्याळ

गिरगावातल्या त्या घड्याळाचा विषय निघाला की मला आजही हसू येतं. त्या दिवशी मात्र एका बाईची भाकरी पणाला लागली होती.

वाडीतल्या एका गृहस्थांनी आमच्या पोलीस ठाण्यात येऊन तक्रार दिली. भिंतीवरचं जुनं फ्रेंच घड्याळ गेलं होतं. चिनी मातीचं, पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी, तबकडीखाली फुलांची परडी घेतलेली बाई. चालत नव्हतं, त्यांच्या आजोबांनी हौसेने घेतलेलं, शोभेला लावलेलं. संशय घरकाम करणाऱ्या बाईवर. ती जड पिशवी घेऊन जिना उतरताना दिसली, अशी खबर शेजाऱ्यांनी दिली. सीसीटीव्हीतही तेच दिसलं.

महिला शिपायाला बसवून मी तिची चौकशी केली.

"आजी लेकीकडे प्रभादेवीला निघालेल्या. त्यांची पिशवी टॅक्सीत ठेवली, बस. आत काय होतं ते मी कशाला बघू?" ती रडली नाही. "साहेब, माझी सगळी कामं ह्याच वाडीत हायत. चोर म्हणून नाव झालं तर कोण दारात उभं करील?"

आजी म्हणजे तक्रारदाराच्या आई. "आईला यात आणू नका, तिचं ब्लडप्रेशर वाढेल," असं त्या गृहस्थांचं एकच पालुपद. पण खोटं बोलणारा सहसा असा साक्षीदार देत नाही, ज्याला लगेच जाऊन विचारता येईल. मी पंचनाम्याला त्यांच्या घरी गेलो. रिकाम्या खिळ्याखाली भिंतीवर हळदीकुंकवाचे डाग होते.

"घड्याळाची पूजा कोण करतं?"

"आई. चित्रातली बाई तिला लक्ष्मी वाटते. आम्ही हसतो."

"घड्याळाला कधी धक्का लागला होता?"

ते घुटमळले. "परवा पंखा पुसताना माझ्याच हातून काठाचा टवका उडाला."

मी कपाळावर हात मारला आणि जीप प्रभादेवीकडे वळवली. आजी पलंगावर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अहो, भंगलेली लक्ष्मी घरात ठेवतात का? अमावास्येला दादर चौपाटीवर विसर्जन करणार होते. मुलाला सांगितलं असतं तर त्याने नेऊ दिली असती होय?"

घड्याळ पलंगाखाली होतं, जुन्या साडीत गुंडाळलेलं.

गृहस्थ तक्रार मागे घ्यायला आले. मी म्हटलं, "कागदाचं मी बघतो. तिला चोर कुठे म्हणालात?"

"वाडीच्या चौकात."

"मग तिथेच चला."

तिलाही सोबत घेतलं. चौकात माणसं जमली. "यांनी चोरी केलेली नाही. चूक माझी," ते पुटपुटले. मी त्यांना पुन्हा, मोठ्याने म्हणायला लावलं. वरच्या गॅलरीतून एका काकूंनी हाक मारली, "अगं, माझी भांडी सकाळपासून पडलीत. येतेस ना?"

"आधी चहा टाका, मग येते," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं.

मुद्देमाल मिळाला की काम संपलं, असं आम्ही पोलीस समजतो. पण त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही निर्दोष माणसाला ठाण्यातून एकट्याने घरी जाऊ दिलं नाही. ज्याने आरोप केला होता, त्यालाच सोबत धाडलं.