घानाहून परतलेले बनसोडे

शालनवहिनींचा फोन आला, "सर, हे गेले... सकाळी चहा घेता घेता." त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार लाज वाटावी असा होता. आता खरं-खोटं विचारायचं कुणाला? अशोक बनसोडे माझे पंचवीस वर्षांचे मित्र, आणि त्यातली बरीच वर्षं मी त्यांच्यावर संशय घेण्यात घालवली.

बनसोडे मूळचे मंद्रूपचे. सोलापुरातली गिरणी बंद पडल्यावर ते फिटर म्हणून घानातल्या एका कापडगिरणीत गेले आणि आठ वर्षांनी परतले. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या चहाच्या टपरीवर आमची ओळख झाली. मी शाळेत क्रीडाशिक्षक, त्यामुळे फुटबॉलचा विषय निघायचाच. "तितं पोरींची टीम आमच्या गिरणीच्या मागं उभी राहिली, सर," ते सांगायचे. "गड्यांनी टाकलेले शर्ट घालून, अनवाणी खेळायच्या. मग शेजारच्या गावानं टीम काढली, मग शाळांनी. तशातनंच देशाची टीम तयार झाली बगा, आन् तिच्यात आमच्या गिरणीतली एक पोरगी हुती की!"

मला ते पटायचं नाही. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा तिथल्या फुटबॉलशी काय संबंध? फोटो एकही नाही. मी मुद्दाम तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचो. एकदा त्यांनी त्या मुलीचं नाव एसी सांगितलं, सहा महिन्यांनी ग्रेस. सापडले, असं मनाशी म्हणालो... तोंडावर मात्र काही बोललो नाही.

पुढे त्यांनी आमच्या शाळेत अर्ज केला, की सकाळी मैदानावर मुलींना खेळवू द्या. मुख्याध्यापिकांनी माझं मत मागितलं. मी लिहून दिलं, 'परदेशात प्रशिक्षक असल्याचा दावा, पुरावा नाही.' अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनी विचारलं, "सर, तुमी काय लिवलं?" मी सांगून टाकलं. त्यांनी बशीतला चहा संपवला. "बरोबर हाय की. कागूद कुटं हाय माझ्यापाशी..." त्यानंतर हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणूनच गप्प बसले.

बनसोडे गेल्यावर जलदानविधीच्या दिवशी वहिनींनी आपला फोन माझ्या हातात दिला. "घानाहून हाय, सर. मला इंग्रजी कळंना." पडद्यावर पंचेचाळिशीची एक बाई, गळ्यात शिट्टी. सांत्वनाचे दोन शब्द झाले आणि मला राहवलं नाही. विचारलं, बनसोडे तुमचे प्रशिक्षक होते का? "छे," ती म्हणाली, "त्यांना चेंडू धड मारताही यायचा नाही." क्षणभर, सांगायला संकोच वाटतो, पण मला बरं वाटलं. ती पुढे बोलत होती. "आमचे वडील आम्हाला खेळायला सोडायचे नाहीत. बनसोडे दर रविवारी एकेकीच्या घरी जाऊन बसायचे. मी नेतो, मीच परत आणून सोडतो, म्हणायचे. परका माणूस उन्हात ताटकळतोय, म्हणून वडील विरघळायचे. आमचा संघ असा जमला." मी नाव विचारलं. "ग्रेस. घरी एसी म्हणतात; आमच्याकडे रविवारी जन्मलेल्या मुलीचं ते नाव." देशाच्या संघातून ती खेळली होती, आता लहान मुलींना शिकवते.

मी आठवत राहिलो. 'प्रशिक्षक' हा शब्द बनसोड्यांनी कधी उच्चारलाच नव्हता. तो मीच लिहिला होता.

वहिनी म्हणाल्या, "रविवारी हितंबी तेच चाललं हुतं की. मोकळ्या जागंत पोरी खेळवायचे. तुमाला म्हाईत न्हाई?" मला माहीत नव्हतं. रोज भेटणाऱ्या माणसानं मला ते का सांगितलं नसेल, हे आता विचारायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी, वहिनींनी सांगितलं तसा, त्या खेळणाऱ्या मुलींपैकी एकीच्या घरी गेलो. घर यंत्रमाग कामगाराचं. दारात उन्हानं पांढरी पडलेली प्लास्टिकची खुर्ची. "बनसोडेमामा हितंच बसायचे," मुलीचे वडील म्हणाले. मग त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती. "तुमी कोण?"

"त्यांचा मित्र. मुलीला मी नेतो, मीच परत आणून सोडतो," मी म्हणालो आणि खुर्चीत बसलो. दाखवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. ऊन पायांवरून डोक्यावर आलं, तरी मी उठलो नाही. मग वडील आत वळून म्हणाले, "आगं, पोरीला बूट घालाय सांग."