बारा रेकॉर्डर आणि एक परका आवाज

टेपकाकांना सगळे इतकी वर्षं टेपकाकाच म्हणत होते की खरं नाव विचारलं तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागलं असतं. अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या ग्रंथालयात ते कॅसेटच्या काळात नोकरीला लागले. कॅसेटी भंगारात गेल्या, काका राहिले. साठीला टेकल्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली शिकले. बायको म्हणायची, "या वयात लोक गुडघे सांभाळतात, तुम्ही संगणक सांभाळता."

"गुडघे ऐकत नाहीत गं. तो निदान ऐकतो."

आणि खरंच ऐकायचा. वाचक मंडळी ग्रंथालयाच्या बारा सारख्या रेकॉर्डरांवर पुस्तकं वाचायची. रेकॉर्डर यूएसबीला लावला की काकांनी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, आपोआप सुरू व्हायची. आवाज उतरवून घ्यायची, नीट उतरलाय ना ते तपासायची, रेकॉर्डर पुसून पुढच्या वाचकासाठी मोकळा करायची. आठवड्याचा गठ्ठा शनिवारी त्रेचाळीस श्रोत्यांकडे आपसूक रवाना. पूर्वी पाठवण्याआधी काका प्रत्येक फाइल थोडी तरी ऐकायचे. वाचक सरावले, तसं तेही सुटलं.

कुठलं यंत्र लावल्यावर काय करायचं, हे लिनक्सला नियमात लिहून द्यावं लागतं. यंत्र आपली ओळख सांगतं: कंपनीचा नंबर, मॉडेलचा नंबर आणि त्या एकट्या यंत्राचा स्वतःचा नंबर. काकांनी पहिले दोनच घातले. बारा लांबलचक आकडे टाइप करायचा त्यांना कंटाळा आला. "हे मॉडेल आपल्याशिवाय इथे आणतंय कोण?" म्हणाले आणि मोकळे झाले.

गणिताच्या बाईंनी आणलं.

बाई गेल्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेल्या, दर शुक्रवारी वाचायला यायच्या. त्या शुक्रवारी वाचन आटोपल्यावर त्यांनी पिशवीतून स्वतःचा रेकॉर्डर काढला. "काका, घरचा चार्जर बिघडलाय. याला तुमच्या संगणकाला जरा लावू का?"

काका टेबलाखाली वायरी सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "लावा की, विचारता काय."

सोमवारी सकाळी एका श्रोत्या बाईंचा फोन आला. टेलिफोन ऑपरेटर म्हणून जन्म काढलेल्या, आवाजातली बारीकशी खोटही धरायच्या. "काका, हे नवं पुस्तक कुठलं हो? वाचणारा फार खोकतो. आणि सारखं 'ठमे, ऐक' म्हणतो."

काकांनी फाइल लावली. "ठमे, तू शाळेत गेलीस म्हणून बोलतोय," एक दमलेला आवाज म्हणाला. "समोर बसलीस की मला जमत नाही."

काकांनी घाईघाईने हेडफोन काढले. आवाज ओळखीचा होता. बाईंना न्यायला येणारे, दारातून "आमची मास्तरीण सुटली का?" विचारणारे त्यांचे यजमान. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. माणूस मरणाच्या दारात बायकोशी बोलला, आणि आपण ते त्रेचाळीस घरांत पोचवलं! काकांनी मग आवाज एका पेनड्राइव्हवर घेतला आणि तडक बाईंचं घर गाठलं.

उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. बाईंनी आत जाऊन रेकॉर्डर आणला, बटण दाबलं. पडद्यावर शून्य.

"आवाज शाबूत आहे बाई, यात आहे," काका पेनड्राइव्ह पुढे करत म्हणाले.

"तुम्ही ऐकलंत?"

"एवढंसंच. ओळख पटली तसं बंद केलं."

"आणि ते त्रेचाळीस?"

"त्यांच्याकडे शनिवारीच पोचलं, बाई."

"काका, मी अजून ऐकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं. बॅटरी मरू नये म्हणून महिन्याच्या महिन्याला चार्ज करते, बस. धीरच होत नाही. आणि सगळ्या गावाने माझ्या आधी ऐकलं?"

काकांना शिव्या बसल्या असत्या तर बरं, असं वाटलं. बाईंनी पेनड्राइव्ह घेतला. "एकूण एक माणसाकडून पुसून घ्या," म्हणाल्या आणि दार लावलं.

काका दोन दिवस फोनला चिकटून होते. दर वेळी स्वतःची चूक पहिल्यापासून सांगायची, माफी मागायची, फाइल पुसली का ते विचारायचं. बऱ्याच जणांनी ऐकलंच नव्हतं. एकजण नुसताच रडला. ऑपरेटर बाई म्हणाल्या, "पुसली हो. पण त्यांना गच्चीची किल्ली सापडली का? शिलाई मशीनच्या खणात आहे म्हणतो तो. शेवटी शेवटी."

हे सांगावं की गिळावं? काकांनी रात्रभर कुशी बदलल्या आणि सकाळी बाईंना फोन करून ते सांगितलं.

"किल्ली?" बाई म्हणाल्या. "ती घरभर शोधली मी. कुलूपवाल्याला बोलावू बोलावू म्हणत दोन वर्षं गच्चीवर पाय नाही टाकला." मग खण ओढल्याचा आवाज आला, रिळं सांडल्याचा, आणि फोन ठेवल्याचा.

त्याच दिवशी काकांनी बाराही नंबर एकेक करून नियमात घातले. आपोआप पुसायचं बंद केलं आणि शनिवारचा गठ्ठा पुन्हा स्वतः ऐकून पाठवायला लागले.

बाई पाच आठवडे फिरकल्या नाहीत. सहाव्या शुक्रवारी आल्या.

"ऐकलं मी," काकांच्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या. "सगळं. तुमच्यामुळे ऐकलं असं मात्र म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"राग आहे माझा अजून."

"असू द्या बाई."

त्या अर्धवट राहिलेलं पुस्तक घेऊन वाचनाच्या खोलीत गेल्या. काकांनी काचेबाहेरून खूण केली, आणि बाईंनी सातवं प्रकरण उघडलं.