अपडेट अर्ध्यावर असताना

ओल्या वाळ्याचा वास आला की अजूनही माझे हात गार पडतात. देवपुरातल्या त्या मे महिन्याच्या दुपारी तो कूलरमधून नुकता खोलीत पसरला होता, आणि पुढच्याच क्षणी इन्व्हर्टर लांबलचक किंचाळून गप्प झाला.

वीज तासाभरापूर्वी गेली होती. वीज नसताना फक्त पंखा आणि कॉम्प्युटर चालवायचा, हा घरचा नियम. परंतु पलंगावर माझ्या नणंदबाई, आमच्या अक्का, उकाड्याने तळमळत होत्या. मी कूलरचं बटण दाबलं. कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्स प्रणालीचा अपडेट चालू आहे, हे विसरले. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आली होती; ती पट्टीही विझली.

त्या कॉम्प्युटरमध्ये अक्कांचा आवाज होता. त्यांच्या भडगावात श्रावणात कानबाई देवी बसली की गाणी म्हणायला सगळी आळी त्यांनाच बोलवायची. हिवाळ्यात घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आदल्या आठवड्यात रोज समोर बसून ती गाणी मी रेकॉर्ड करून घेतली. ऑपरेशननंतर त्यांच्याकडे कुजबुजीपुरता श्वास उरला. ती गाणी ऐकवा, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मलाही लावण्याचा धीर झाला नाही. दुसरी प्रत नव्हती.

वीज आली तसा कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर उतरल्या आणि थिजल्या. त्यांतला 'पॅनिक' हा एकच शब्द मला कळला.

लिनक्स घालून दिलं होतं माझ्या धाकट्या भावाने. तो नरडाण्याला कारखान्यात ड्यूटीवर होता. संक्रांतीपासून पेन ड्राइव्हवर घे म्हणून सांगतोय, तू ऐकशील तर शपथ, असं फोनवर आधी सुनावून झालं. मग माझा श्वास ऐकून त्याचा स्वर उतरला.

"ताई, दार अडकलंय. घर जळालेलं नाही. मी सांगेन तेवढंच कर."

कॉम्प्युटर पुन्हा चालू करून शिफ्टची कळ धरून ठेवायला त्याने सांगितलं. एक यादी उघडली. ज्या गाभ्यावर सगळी यंत्रणा उभी असते, तो नवा गाभा अर्धवट बसला होता. पण जुना लगेच फेकला जात नाही, खालच्या ओळीत असेल, असं तो म्हणाला. बाणाच्या कळीने मी त्या ओळीवर उतरले. एंटर दाबल्यानंतरचा काळोख किती वेळ टिकला, सांगता येत नाही. अक्कांची नजर पाठीवर जाणवत होती. काय हरवू शकतं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

पडदा उजळला. आधी गाणी पेन ड्राइव्हवर घेतली. मग भावाने सांगितलेली आज्ञा अक्षर-अक्षर टाइप करून अपडेट पुरा केला. फायलींची नावं जागेवर होती, पण आत आवाज असेल का, ही धास्ती सुटेना. एक लावली.

खडा, कडेला किंचित फाटलेला तो स्वर खोलीभर उभा राहिला. अक्का कोपरावर उठल्या. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळून, नुसत्या श्वासातून, त्यांनी विचारलं,

"कोन गातंय?"