तुझ्या भुकेएवढंच

बाबाच्या शेवटच्या दिवसांत मी त्याला जबरदस्तीने जेवायला घातलं.

आज वर्ष झालं त्याला जाऊन. तरी ते मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

बाबा कळव्याचा. अख्खा जन्म खाडीवर जाळं टाकण्यात गेला. खाडीतली मासळी आटली, तेव्हा मी शीळफाट्याजवळ शेड घेऊन चिलापी माशांचे टँक लावले. माशांचं पाणी पाइपने पालकाच्या वाफ्यांत जाणार, तिथून स्वच्छ होऊन परत टँकमध्ये येणार. तेच पाणी, पुन्हा पुन्हा.

बाबा आधी हसलाच. "आता मासं टाकीत पालशील?"

नंतर रोज माझ्याआधी शेडवर हजर!

मला ग्रोथची घाई. तीन टँक, प्रत्येकाचं पाणी वेगळं. एकात खाद्य कमी, एकात मध्यम, एकात भरपूर. भरपूरवाले सुरुवातीला काय वाढले म्हणून सांगू! सगळ्यांना फोटो दाखवत सुटले होते.

मग त्याच टँकमध्ये उरलेलं खाद्य कुजून पाणी खराब व्हायला लागलं. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले.

मला वाटलं, भूक लागलीय. आणखी दोन मुठी टाकल्या.

सकाळी निम्मे उलटे तरंगत होते. मी तिथेच फतकल मारून रडले. बाबा एकेक मेलेला मासा जाळीने काढत होता.

"तू तुझे हौशीनं घालतेस गो बाय. त्याचे भुकेनं नाय."

त्यानंतर खाद्य तोच द्यायचा. थोडं टाकायचं, थांबायचं, संपलं की परत थोडं. त्याच्या हाताखाली मधल्या टँकचे मासे सगळ्यात छान भरले.

मग त्याचं आजारपण. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, मागेल तेवढंच द्या.

मी कसली ऐकतेय! पेजेची वाटी घेऊन त्याच्या मागे. "एकच चमचा, बाबा. माझ्यासाठी."

एक दिवस त्याने माझं मनगट धरलं.

"बस गो बाय. पानी खराब होईल."

मी चिडले. "गप रे, तू काय मासा आहेस?" आणि अजून एक चमचा भरवला.

त्याने तो गिळला. माझ्यासाठी. मग किती तरी वेळ खोकत राहिला.

त्यानंतर त्याने काहीच खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

आज वर्षश्राद्धाचं पान वाढताना हात परत भातावर भात घालत होता. मी अर्धा भात काढून ठेवला.

बाबा, चुकलं रे माझं.

पान वाढलंय. सावकाश जेव.

नको असेल तर राहू दे.