सातव्या नंबरचा कोर्स

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, काकू एवढी मोठी, तरी तिला होमवर्क कसा?" मी उत्तर देणार तेवढ्यात मेलबर्नला तुमची झोपायची वेळ झाली आणि तुमच्या आईने फोन काढून घेतला. म्हणून लिहून पाठवते. मराठीतच लिहिते. अडलं तर आईला विचारा, तेवढीच तिची उजळणी होईल.

तुमचे काका-काकू इंग्लंडात मेडनहेडला राहतात हे तुम्हांला माहीत आहे. मी नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर येते, आणि ही माझी चौथी खेप. काका रोज ब्रॅकनेलला कंप्युटरसमोर बसायला जातो, आणि जायचं नसेल त्या दिवशी घरी कंप्युटरसमोर बसतो. काकू हॉस्पिटलात जाते. ती नर्सिंग असोसिएट आहे, म्हणजे मदतनीस आणि पूर्ण नर्स यांच्या मधली पायरी. ती औषधं देते, बीपी घेते, जखमा बांधते. पण पेशंटची देखभाल कशी करायची हे ठरवायचं ते रजिस्टर्ड नर्सने.

मी आले त्याच आठवड्यात तिच्या वॉर्डात एक म्हाताऱ्या बाई पाणीच पीत नव्हत्या. सगळे म्हणत, तहान लागत नसेल. काकूच्या लक्षात आलं की टॉयलेट लांब आहे, दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते आणि बाईंना त्याची लाज वाटते. त्यांचा बेड दाराजवळ न्यावा, असं तिने सकाळी सुचवलं. रजिस्टर्ड नर्स बिचारी दुसऱ्या पेशंटांत अडकलेली. बेड हलला तो संध्याकाळी.

घरी येऊन बूट काढता काढता काकू म्हणाली, "आई, मला दिसतं सकाळी आणि होतं संध्याकाळी. मला हे मधलं अंतर नको आहे."

तिच्या वॉर्डच्या मॅनेजरबाईंनी तिला सांगितलं होतं, यंदा आपल्याकडून एकीलाच रजिस्टर्ड नर्स होण्यासाठी पुढे शिकायला पाठवता येईल. नोकरी सांभाळून करता येईल असा, बराचसा ऑनलाइन कोर्स निवड आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी भरलेला अर्ज माझ्या सहीला आण. शुक्रवार चुकला तर ती जागा दुसऱ्या वॉर्डाला. हातात तीन आठवडे होते.

आता, तुमच्या आजीने एकतीस वर्षं नागपूरच्या एका कॉलेजात प्रवेश विभाग सांभाळला आहे. माझ्या खिडकीतून त्रुटी असलेला एकही अर्ज आत गेला नाही. अशी बाई घरात असताना सुनेने कोर्स स्वतः निवडावा, हे मला रीतीला धरून वाटलं नाही. मी काकाला एक जाड रजिस्टर आणायला सांगितलं.

"आई, स्प्रेडशीट कर ना," काका म्हणाला. "मी पाच मिनिटांत बनवून देतो."

"तुझ्या स्प्रेडशीटमध्ये खाडाखोड दिसते का?"

"नाही. तोच तर फायदा आहे."

"तोच तर तोटा आहे. आकडा बदलला तर कुणी बदलला, का बदलला, हे दिसायला हवं. एक सरळ रेघ आणि शेजारी सही. खरडायचं नाही, पांढरं फासायचं नाही."

रजिस्टर आलं. मी अकरा कोर्स शोधले आणि शंभरपैकी गुण ठेवले. मुदत, वेळापत्रक, ग्रंथालय, पत्राला उत्तर देण्याची तत्परता, आणि माहितीपत्रकातलं इंग्रजी. या शेवटच्या रकान्याला मी वीस गुण दिले. ज्या संस्थेला स्वतःची ओळख चार नीट वाक्यांत करून देता येत नाही, ती दुसऱ्याला काय शिकवणार? शेवटचा रकाना शेऱ्याचा.

हे काम म्हणजे लग्नाची स्थळं बघण्यासारखंच निघालं. सगळीकडे मुलगी हसतमुख. खरं सांगते, तीन वेगवेगळ्या वेबसाइटवर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली तीच एक मुलगी त्याच एका खिडकीपाशी हसत होती. सगळ्यांची घराणी उत्तम, सगळ्यांचं भविष्य उज्ज्वल, आणि खरी माहिती विचारली की "आम्ही तुम्हांला कळवतो."

एका वेबसाइटच्या कोपऱ्यात चौकट उघडली आणि विचारलं, काही मदत हवी का? मी शिस्तीत पत्र लिहिलं. महोदय किंवा महोदया, विषय, संदर्भ, मग मजकूर. तीन टिंबं थोडा वेळ नाचली आणि उत्तर आलं, "हाय! तुम्हांला हॉस्टेलची माहिती हवी आहे का?" मी लिहिलं, अर्जदार एकोणचाळीस वर्षांची असून तिचं स्वतःचं घर आहे. मग त्याने हॉस्टेलचे फोटो पाठवले आणि वर विचारलं, या उत्तराचा उपयोग झाला का? मी प्रामाणिकपणे "नाही" दाबलं. त्याने आभार मानले. एवढा नम्र आणि एवढा निरुपयोगी कारकून मला एकतीस वर्षांत भेटला नव्हता.

दुसऱ्या ठिकाणी मी फोन केला. "मी अर्जदाराची सासू बोलते आहे," असं चांगल्या इंग्रजीत सांगितलं. पलीकडचा तरुण गोड आवाजात म्हणाला, "सॉरी मॅडम, अर्जदाराखेरीज कुणाशीही आम्हांला बोलता येत नाही."

"पण मी तिच्या वतीनेच विचारते आहे."

"त्यांनाच फोन करू द्या ना, मॅडम."

मी फोन ठेवला आणि चहा करून प्यायले. माझ्या खिडकीवर आलेल्या किती बापांना, मामांना आणि थोरल्या भावांना मी याच शब्दांत वाटेला लावलं होतं! 'विद्यार्थ्याला पाठवा' अशी पाटीच होती माझी. तेव्हा मला ती फार न्याय्य वाटायची.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी, जेवताना मी निकाल जाहीर केला. एक्क्याण्णव गुणांनी पहिल्या आलेल्या कोर्सचं माहितीपत्रक म्हणजे निर्दोष इंग्रजीचा नमुना होता. घरबसल्या सगळा अभ्यास, आणि नावच मुळी 'प्रॅक्टिकल नर्स ते रजिस्टर्ड नर्स'. याहून स्पष्ट काय असावं?

काकूने फोनवर ते पान उघडलं, भाजीचा घास तोंडात तसाच ठेवून वाचलं. मग हळूच विचारलं, "आई, प्रत्यक्ष वॉर्डातलं काम कुठे करायचं म्हणतात हे?"

"लिहिलंय की. आपापल्या राज्यात. आणि राज्याच्या बोर्डाकडे नोंदणी करायची."

"कुठल्या राज्यात?"

मला ते वाक्य वाचताना कुठे खटकलंच नव्हतं. राज्य, राज्याचं बोर्ड, बोर्डाची नोंदणी: महाराष्ट्रात सगळा जन्म गेलेल्या बाईला यात खटकण्यासारखं काय आहे? उलट वाटलं, चला, इथेही आपल्यासारखीच व्यवस्थित पद्धत दिसते.

काकाने फोन ओढून घेतला आणि त्याला ठसका लागला. "आई! हे अमेरिकेचं आहे! एक्क्याण्णव गुण देऊन तू तिला टेक्ससला पाठवलंस!"

"तू पाणी पी आधी," मी म्हटलं.

काकू हसली नाही. तिने माझ्या ताटात पोळी वाढली. तिने हसावं असं मला फार वाटलं.

शुक्रवारला दोन दिवस उरले होते. मी म्हटलं, "घाई नको. दोन विद्यापीठांकडून माझ्या पत्रांची उत्तरं यायची आहेत. मॅनेजरबाईंकडून आठवडाभर मुदत वाढवून घे. अपुऱ्या माहितीवर निर्णय करू नये."

काकू माझ्या चारही खेपांत माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नव्हती. तेव्हाही चढवला नाही. पण म्हणाली, "आई, पेशंटचं बीपी उतरत असताना मी पूर्ण माहितीची वाट बघत नाही. जेवढं दिसतंय त्यावर हलायचं असतं." आणि पुढे म्हणाली, "मी वॉर्डात दोघींना विचारलंय. दोघींनी वेगवेगळ्या ठिकाणी केलंय हे."

"काय विचारलंस? मुदत? वेळापत्रक?"

"एकच विचारलं. सोडून द्यावंसं वाटलं, रडायला आलं, तेव्हा फोन कुणी उचलला?"

असा रकाना माझ्या रजिस्टरमध्ये नव्हता.

पहिलीचा फोन कुणीच उचलला नव्हता. दुसरीचा तिच्या ट्यूटरने उचलला होता, दोनदा. तो कोर्स माझ्या यादीत सातवा होता. माहितीपत्रकातली वाक्यं तुटक, एक फोटो तर आडवाच लागलेला. लेक्चर घरून ऐकायची, पण पंधरवड्यातून एकदा अर्ध्या तासावरच्या गावात जाऊन प्रात्यक्षिकं करायची, आणि मधून मधून दुसऱ्या हॉस्पिटलांत काम करायचं. घराबाहेर पडायला लागतं म्हणून मी त्याचे दहा गुण कापले होते. काकूला हवे होते ते नेमके तेच दहा गुण.

गुरुवारी ती ड्यूटीवरून आली आणि टेबलाशी बसून फोनवरच अर्ज भरायला लागली. कोर्स का करायचा यावर थोडं लिहायचं होतं. माझा मसुदा तयार होता: लहानपणापासून पीडित मानवतेची सेवा करण्याची उत्कट आकांक्षा वगैरे, अस्सल जुन्या वळणाच्या इंग्रजीत.

"आई, लहानपणी मला एसटीत कंडक्टर व्हायचं होतं," ती म्हणाली.

"ते लिहू नकोस."

तिने ते लिहिलं नाही. पाणी न पिणाऱ्या बाईंविषयी लिहिलं, साध्या आठ ओळी. पुढे प्रश्न होता, अभ्यासाच्या काळात घरी आधार कोणाचा? तिने लिहिलं, "सासूबाई, व्हिसा असेपर्यंत. त्यानंतर नवरा." काका म्हणाला, हा क्रम अपमानास्पद आहे. मी म्हटलं, गुणानुक्रमे आहे.

शुक्रवारी सही झाली. मग स्क्रीनवर मुलाखत झाली, माझ्या खोलीत, कारण वायफाय तिथेच नीट येतं. मी जिन्यात बसले होते. तिला विचारलं, हाच कोर्स कसा निवडलात? ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी अकरा कोर्सचं रजिस्टर केलं. ते वाचून मला कळलं, मला कशाकशाने फरक पडत नाही." पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं. मला मात्र ही प्रशंसा की तक्रार हे आजवर ठरवता आलेलं नाही. जागा मिळाली.

तीन महिन्यांनी कोर्स सुरू झाला. तेव्हापासून दर मंगळवारी लेक्चरसाठी मला माझ्या खोलीतून बाहेर काढतात. पहिला निबंध आला तेव्हा वाटलं, आता तरी आपली विद्या कामी येईल. काकू ड्यूटी करून थकलेली, म्हणाली, "आई, एकदा नजर टाका फक्त." मी नजर टाकली. एका पेशंटबाईंविषयीचं तिचं "त्या घाबरल्या होत्या" हे वाक्य मी जरा भारदस्त केलं. दोन सुभाषितवजा वाक्यं घातली. तिने थकव्यात न वाचताच पाठवून दिला.

निबंध नापास होऊन परत आला. खाली शेरा होता: काही भाग विद्यार्थिनीच्या स्वतःच्या भाषेतला वाटत नाही, खुलासा करावा.

ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. इथल्या नळाला तेवढा आवाज नसतो, सगळं ऐकू येतं. बाहेर आली तेव्हा मी दारातच उभी होते. म्हटलं, "चूक माझी आहे. मी फोन करून सांगते त्यांना."

"ते तुमच्याशी बोलणार नाहीत, आई," ती डोळे पुसत म्हणाली. "अर्जदारालाच करावा लागतो."

हसली शेवटी. पण मग पायरीवर बसून म्हणाली, "मला जमणार आहे का हे? ड्यूटी, घर, हे सगळं? आत्ताच सोडलं तर निदान वॉर्डची जागा पुढच्या वर्षी दुसरीला जाईल."

मी तिचा फोन आणून दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

तीन वेळा रिंग वाजलेली मी ऐकली. मग तिच्या ट्यूटरबाईंचा आवाज, शब्द कळले नाहीत. काकू आधी अडखळत बोलली, मग भरभर. माझी चुगली केली असणार, कारण पलीकडून हसू आलं. वीस मिनिटांनी ती आत आली आणि म्हणाली, "पुन्हा लिहून द्यायचाय. माझा मी. दोन आठवडे दिलेत." आणि कुकरची शिट्टी कितवी, ते विचारलं.

दुसऱ्या वेळी ती पास झाली. मी तो निबंध वाचलेला नाही, मला वाचू दिला नाही. म्हणून मुलांनो, काकूला होमवर्क आहे आणि तो तिचा तिलाच करायचा आहे. तुमचाही तुम्हांलाच. तुमच्या निबंधात मदत करीन, असं मी मागे म्हटलं होतं ना, तो शब्द मी परत घेते.

पुढच्या आठवड्यात माझं नागपूरचं विमान आहे. रजिस्टर इथेच ठेवून जाणार, मागची कोरी पानं काकू औषधांच्या डोसची गणितं सोडवायला वापरते. बॅग भरण्याआधी मी ते एकदा उघडलं. सातव्या नंबरचे गुण होते अठ्ठावन्न. त्यावर एकच सरळ रेघ मारली, शेजारी सही केली. नवा आकडा काही सुचला नाही, ती जागा मोकळी ठेवली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: फोन उचलतात. तिसऱ्या रिंगला.